अर्धा आटा

गाडीचं नाव कागदावर काहीही असो, सगळा गाव तिला खोकली म्हणायचा. सकाळी सेल्फ मारला की ती आधी घसा खाकरायची, मग दोन-तीन उबळी यायच्या, मग मागून काळा लोट सुटायचा आणि आजूबाजूच्या बायका वाळत घातलेले कपडे गोळा करून घरात पळायच्या. वय वर्षं एकोणीस. म्हणजे घरातल्या भिंगरीपेक्षा चार वर्षांनी थोरली.

"ताई म्हण तिला, ताई," असं बाबा म्हणायचे आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचे.

भिंगरी हेही काही खरं नाव नव्हे. पण ही पोरगी चालायला लागली तीच धावत. त्यामुळे खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं.

त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि शेतातली कामं त्याहून लवकर आटपली. बायकांच्या टोळ्या पहाटे शेतावर पोचवायच्या आणि दिवस मावळताना परत आणायच्या, हा बाबांचा धंदा. टोळ्याच बंद, तर गाडी कोणाला वाहणार? तीन आठवडे खोकली दारात उभी होती. तिच्याखाली तेलाचा एक काळा डाग रोज बोटभर पसरत होता, आणि बाबा रोज तो बघून "नाही, फार नाही," म्हणत होते.

मिस्त्री येता-जाता डोकावायचा, चहा प्यायचा आणि खोकलीची दुखणी मोजायचा.

"नोझल चारही गळतायत. हीटर प्लग दोन मेलेत, दोन मरायला टेकलेत. रेडिएटर झिरपतोय. क्लचप्लेट कागदासारखी झालीय. आणि पंप थकलाय, ड्रायव्हरसाहेब, पंप! डिझेल गाडीचं काळीज असतं ते. तो बसला की बारा हजार कुठे गेले नाहीत."

"अजून घ्या चहा."

"चहानं नोझल सुधारत नाहीत."

"पण घोटभर तुमचं तोंड तरी बंद राहतं."

नाही म्हणायला गेल्याच महिन्यात बाबांनी एक काम स्वतःच्या हातानं केलं होतं. टाकीकडून इंजिनाकडे येणारा डिझेलचा पाइप चिरला होता. त्यातून हवा शिरायची आणि गाडी अर्ध्या मिनिटात बंद पडायची. बाहेर एक थेंब सांडायचा नाही, त्यामुळे दोष शोधायलाच दोन दिवस गेले. बाबांनी नवा पाइप आणला आणि पुढच्या सीटखालचा जोड नवे तांब्याचे वायसर घालून आवळला. पान्याला नळीचा तुकडा लावून असा आवळला की त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. शेवटी आईची नखांना लावायची लाल बाटली मागून घेऊन बोल्टावर आणि जोडावर मिळून एक आडवी रेघ ओढली. बोल्ट हलला तर रेघ तुटेल. मिस्त्रीलोक करतात तसं.

"बघ," ते भिंगरीला म्हणाले होते. "हा आता माझ्यानंतरही हलायचा नाही."

भिंगरीनं बघितलं होतं. बॅटरीचा उजेड तिनंच धरला होता. दहा वर्षांची असल्यापासून ती गाडीतली एअर काढायला बाबांच्या हाताखाली असायची. ते नट सैल करायचे, ती छोटा हातपंप दाबायची, बुडबुडे येऊन येऊन नुसतं डिझेल यायला लागलं की "आलं!" म्हणून ओरडायची. तेव्हा हाताला येणारा डिझेलचा वास तिला आवडायचा. आता ती शाळेत जायच्या आधी तीन वेळा साबण लावायची.

कारण आता शाळा नवी होती. दोन गावं ओलांडून, पक्क्या रस्त्यावर, मोठ्या मैदानाची. धावण्याच्या जिवावर तिला तिथे घेतलं होतं आणि चार महिन्यांत ती सगळ्यांच्या तोंडी झाली होती. रिलेमध्ये शेवटचा टप्पा तिचा. डॉक्टरांची मुलगी तिसरा टप्पा पळायची आणि बॅटन देताना दर वेळी ओरडायची, "पळ गं माझे बाई!" मधल्या सुट्टीत दोघी एकाच बाकावर. भिंगरी तिथे मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची, आणि आपण अशा आहोत हे तिचं तिलाच नवं होतं.

मधे एकदाच, पंधरा दिवसांपूर्वी, खोकली दारातून हलून त्या मैदानासमोरून गेली होती. कुठल्याशा भाड्याची चौकशी करायला बाबा चालले होते. डॉक्टरांच्या मुलीनं नाक दाबून म्हाताऱ्यासारखं खोकून दाखवलं. सगळ्या पोरी हसल्या. भिंगरीही हसली. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली.

हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी बाबा घरात आले ते बुटांसकट.

"ऐका! तुझ्या शाळेच्या खेळाच्या बाई भेटल्या. शुक्रवारी स्पर्धेला तुम्हा अकरा पोरींना न्यायचंय. गाडी आपली! आणि पुढचं ऐक. त्या दिवशी गाडी नीट गेली-आली, तर पुढच्या महिन्यापासून रोजचं भाडं. वरच्या वस्त्यांची चाळीस पोरं, दोन खेपा. कामं असोत नसोत, गाडी रोज शाळेच्या दारात!"

आई डाव्या बाजूनं घास चावत होती. उजवीकडची खालची दाढ तिला दोन महिने बसू देत नव्हती की निजू देत नव्हती. ती काढून नवी बसवायची तर पैसे लागणार होते, आणि ते तिनं एका पावडरच्या डब्यात टाकून टाकून जमवत आणले होते.

"बूट काढा आधी," ती म्हणाली, पण हसली. हसताना गालावर हात गेलाच.

"पहिल्या महिन्यात नोझल. दुसऱ्यात पंप," बाबा बूट काढता काढता मोजत होते. "आणि तुझ्या डब्याला हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात दाढ करून घ्यायची. काय भिंगरे, बोलत का नाहीस? तुझी तर मजाच! पायपीट वाचली. बापाशेजारी बसून राणीसारखी शाळेत."

"हो," भिंगरी म्हणाली.

तिच्या डोळ्यांसमोर शाळेचं दार आलं. रोज. काळा लोट. आणि लोटातून उतरणारी ती, आणि खिडकीतून हात काढून "भिंगरे, डबा राहिला!" म्हणून ओरडणारे बाबा, कोपर फाटलेल्या स्वेटरमधले. आणि बाकावर बसलेल्या पोरी. आपण हसलो तेव्हा ही पण हसली होती, हे आठवणाऱ्या.

गुरुवारी बाबांनी खोकलीला साबणानं धुतलं. चाकांच्या खोबणीतली माती काडीनं काढली. आईनं फाटक्या सीटांना घरातल्या जुन्या पडद्याचं कापड शिवलं, फुलाफुलांचं. शेजारी येऊन विचारून गेले, लग्न कोणाचं म्हणून. दिवस मावळायला बाबा आंघोळीला गेले. आत पाणी अंगावर ओतल्याचा आवाज आला, थंडीनं "हू हू" केल्याचा आवाज आला.

भिंगरीनं पुढची सीट उचलली. सतरा नंबरचा पाना जागेवरच होता.

बोल्ट पहिल्यांदा हललाच नाही. तिनं दोन्ही हात लावले, पाय दरवाजाला टेकवला. कर्र झालं. अर्धा आटा. फक्त अर्धा, जास्त नाही. लाल रेघेचा एक तुकडा इकडे राहिला, एक तिकडे गेला. उद्या गाडी सुरू होऊन बंद पडेल, बाई दुसरी गाडी बघतील, दुपारी घरी आलं की बोल्ट परत आवळायचा. कोणाचं काही बिघडणार नाही. हे सगळं ती मनात असं भरभर म्हणत होती, जसं काही कोणी समोर बसून विचारतंय.

शुक्रवारी पहाटे बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

खोकली खाकरली, खोकली, सुरू झाली. बाबांनी भिंगरीकडे बघून भुवई उडवली. अर्ध्या मिनिटानं इंजिन अडखळलं आणि गप्प झालं.

"एअर धरली," बाबा म्हणाले. "ये गं."

तिनं हातपंप दाबला. बुडबुडे आले, फेस आला, मग नुसतं डिझेल. "आलं," ती म्हणाली. ओरडली नाही. गाडी सुरू झाली, अर्धं मिनिट चालली, बंद पडली. पुन्हा. पुन्हा. तिच्या बोटांवरून डिझेल मनगटात उतरलं, थंडीनं बोटं लाकडासारखी झाली. बाबांनी फिल्टर बघितला, नळ्या बघितल्या. टाकीपासून पाइपावरून हात फिरवत फिरवत ते त्या जोडापाशी आले आणि तसेच पुढे गेले.

"इथून नाही धरायची. हे माझं काम आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

आत्ता सांग, असं भिंगरीच्या पोटातून आलं. पण ते घशापर्यंत येईस्तो बाबा सेल्फ मारायला गेले होते. मग सेल्फही क्षीण झाला, कट्-कट् करून थांबला. शेजारचे चौघं ढकलायला आले. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, अर्धं मिनिट धूर सोडत चालली आणि तिथे आडवी उभी राहिली. इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर काळा पंजा उमटला होता. कोणाचा कोण जाणे.

फोन वाजला.

"हो बाई... नाही बाई, काल ठीक होती... हो. हो, तुमचं बरोबर आहे बाई... पोरी उभ्या आहेत ना थंडीत, मला समजतंय बाई... हो."

त्यांनी फोन खिशात ठेवला.

"त्यांनी दुसरी गाडी सांगितली," ते म्हणाले. "तू पळ. शेजारच्यांना म्हणावं मोटरसायकलवर सोडा. तुझं कशाला बुडवायचं?"

दुसरी गाडी पांढरी होती, काचा वरपर्यंत बंद होत होत्या. डॉक्टरांच्या मुलीनं तिच्यासाठी जागा धरली होती.

"बरं झालं बाई ती खोकली आली नाही! स्पर्धेच्या आधीच धुरानं मेलो असतो." मग तिनं हुंगून बघितलं. "डिझेलचा वास कुठून येतोय गं?"

भिंगरीनं हात मांडीखाली घेतले आणि स्पर्धेच्या गावापर्यंत तसेच ठेवले.

त्यांचा दुसरा नंबर आला. ती उतरल्या उतरल्या घरी धावत सुटली, पदक खिशात, डोक्यात फक्त सतरा नंबरचा पाना. दारात गाडी नव्हती. तेलाचा काळा डाग होता, आणि कडेला सीटचं फुलाफुलांचं एक कापड पडलं होतं.

"ट्रॅक्टरवाल्यानं ओढून नेली गॅरेजला," आई म्हणाली. "सगळ्या गावातून. पुढे ट्रॅक्टर, मागे दोरखंड, आणि तुझे बाबा आत स्टिअरिंग धरून बसलेले. मिस्त्री म्हणतो पंपच गेला. काढला त्यानं."

बाबा ओसरीवर पोत्यावर वाकून बसले होते, कमरेत उसण भरलेली. पुढ्यात पंप होता. जेवणाच्या डब्याएवढा, काळा, नळ्यांची तोंडं चिंध्यांनी बांधलेला. आणि त्याच्या शेजारी आईचा पावडरचा डबा, झाकण उघडं.

"कितवा आला?" बाबांनी विचारलं.

"दुसरा."

"शाब्बास." आणि ते खरंच हसले. हे तिला सगळ्यांत जास्त लागलं.

शनिवारी बाबांना कमरेमुळे वजन उचलवेना, म्हणून पंप घेऊन तीही बसमध्ये बसली. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला पंप तिच्या मांडीवर. लोक बाळ समजून वाकून बघायचे आणि नाक मुरडून मागे व्हायचे. डिझेल टॉवेलातून झिरपून मांडीला लागत होतं, थंडगार. दीड तासाचा रस्ता. तिनं मनात वाक्य जुळवलं: बाबा, पंपात काही नाहीये. एवढंच. चार शब्द.

"बाबा."

"काय?"

"जड आहे."

"मग दे इकडे."

"नको. राहू दे."

पंपवाल्याचं दुकान दवाखान्यासारखं होतं. पांढऱ्या फरश्या, आत यंत्र, आणि बाहेर बाकावर आपापले पंप मांडीवर घेऊन बसलेली माणसं. पंपवाला चष्म्यातून बघायचा आणि कमी बोलायचा. बाबा त्याला दोनदा "साहेब" म्हणाले. त्यानं पंप उघडला, धुतला, यंत्राला लावला, काचेच्या नळ्यांत डिझेल कसं भरतं ते बघितलं.

"काढला कोणी हा?"

"आमच्या मिस्त्रीनं."

"या वयाच्या मानानं पंप चांगला आहे. चालला असता. आता उघडलाच आहे तर सील बदलतो, सेटिंग करतो. सात हजार आठशे."

बाबांनी डबा पिशवीतून काढला. त्यातल्या नोटा पावडरीच्या वासाच्या होत्या. पंपवाल्यानं मोजताना एक नोट नाकाशी नेली आणि बाबांकडे बघितलं. बाबा खाली फरशीकडे बघत राहिले.

"बाराच्या ठिकाणी आठातच निभावलं," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "नशीब आहे पोरी."

भिंगरीनं मान डोलावली. तेव्हा तिला कळलं की आपण आता नुसत्या गप्प नाही आहोत. आपण खोटं बोलतो आहोत, आणि ते मान हलवूनही बोलता येतं.

सोमवारी शाळा सुटल्या सुटल्या ती गॅरेजकडे पळाली. घरातला पाना तिनं सकाळीच पाठीवरच्या पिशवीत टाकला होता. पण उशीर झाला होता. पंप बसला होता, गाडी सुरू होऊन बंद पडली होती, आणि मिस्त्री टाकीपासून एकेक जोड पान्यानं चाचपत पुढच्या सीटपर्यंत आला होता. ट्रॅक्टरवाला टायरवर बसून तंबाखू चोळत होता. टेम्पोवाला नुसताच आला होता, जसे सगळे येतात.

"ड्रायव्हरसाहेब, हा जोड कोणी लावला?"

"मी," बाबा म्हणाले. "का?"

"अर्धा आटा ढिला आहे."

बाबा वाकले. भिंगरी दारात उभी होती, तिथून तिला त्यांची मान दिसत होती, आणि मानेखाली सीटच्या खाचेत बोल्ट. लाल रेघ दोन तुकड्यांत. बाबा बघत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं, डिझेलमध्ये बुडवलं, आणि जोड पुसायला लागले. नीट, गोल गोल, रंगाचा कणही राहणार नाही असा. मिस्त्री वळून पाना शोधत होता. त्याला काही दिसलं नाही.

"राहिला असेल माझ्याच हातून," बाबा म्हणाले.

ट्रॅक्टरवाला असा हसला की त्याची तंबाखू उडाली.

"अहो, अर्ध्या आट्यापायी पंप फिरवून आणला?"

"बारशाला नेला होता," टेम्पोवाला म्हणाला.

"वीस वर्षं गाडी चालवतोय गडी! अरे, स्वतःचे बोल्ट तरी तपासून बघा, कुठे कुठे ढिले आहेत ते!"

बाबाही हसले. उभं राहताना कमरेवर हात ठेवला आणि त्यांना दारातली भिंगरी दिसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळखीचं माणूस लांबून बघावं आणि तेच का ही खात्री होऊ नये, तसं पाहिलं. मग ते मिस्त्रीला म्हणाले, "किती झाले तुमचे?"

गाडी घरी आली. बाबा आईला एवढंच म्हणाले, "चूक माझीच निघाली." आईनं कोमट पाण्याची चूळ गालात धरली होती. ती थुंकून ती म्हणाली, "होतं असं," आणि आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारपासून बाबांचं नाव अर्धा-आटा पडलं.

"काय अर्धा-आटा, निघाली का स्वारी?" "अहो अर्धा-आटा, स्टिअरिंग आहे ना जागेवर?" गाड्या लागायच्या त्या नाक्यावर पोरासोरांनीही उचललं. बाबा हात वर करून "आहे, आहे" म्हणायचे. बुधवारी एक म्हातारी बाजाराला जायला खोकलीत चढली, आत बसली, आणि कोणीतरी काहीतरी सांगितल्यावर पिशवी उचलून उतरली. "नको बाबा. बोल्ट ढिले ठेवतो म्हणे हा," असं ती बाबांच्या देखत बोलली, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशी, मोठ्यानं. मागोमाग आणखी दोघं उतरले. फुलाफुलांच्या सीटा रिकाम्या राहिल्या.

हे सगळं भिंगरीला टेम्पोवाल्याच्या पोरीकडून कळलं, नकलेसकट.

गुरुवारी तिनं शाळा सुटल्यावर पाय सरळ नाक्याकडे वळवले. बुधवारची रात्र तिनं एका कुशीवर काढली होती आणि एक गोष्ट पक्की केली होती. आपण सांगायचं. सगळ्यांसमोर, जिथे हसतात तिथेच. म्हणजे बाबांचं नाव जाईल, लोक गाडीत बसतील, आणि छातीवरचं हे उतरेल. हे शेवटचं कारण तिनं स्वतःपासूनही जरा लपवलंच होतं.

नाक्यावर मिस्त्री होता, ट्रॅक्टरवाला होता, टेम्पोवाला होता, आणखी पाच-सहा जण. बाबा खोकलीच्या रेडिएटरमध्ये डब्यानं पाणी ओतत होते.

"या, अर्धा-आटाच्या कन्या!" टेम्पोवाला म्हणाला.

"त्यांना तसं म्हणायचं नाही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज मैदानावरचा आवाज होता, लांब जाणारा. "तो बोल्ट मी ढिला केला. बाबांनी नीट आवळला होता. त्यावर रेघ पण होती. मी पाना घालून ढिला केला."

बाबांच्या हातातला डबा तिरका झाला. पाणी त्यांच्या पायावर पडत राहिलं.

"म्हणजे?" मिस्त्री म्हणाला. "चुकून?"

"नाही. मुद्दाम."

"पण का गं?"

या प्रश्नाची तिनं तयारीच केली नव्हती. सगळी रात्र तिनं "मी केला" इथपर्यंतच गिरवलं होतं, जसं काही त्याच्यापुढे कोणी काही विचारतच नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. खरं बोलायला आलोय तर खरंच बोलायचं, असं तिला वाटलं, आणि ती बोलून बसली.

"शाळेच्या पोरी या गाडीला हसतात. मला लाज वाटत होती. गाडीची. आणि बाबा ती चालवतात त्याची."

कोणी हसलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं तंबाखू चोळायची थांबवली आणि हाताकडे बघितलं. मिस्त्री उगीचच पाना पुसायला लागला. टेम्पोवाला, ज्याला कधी तोंड मिटता आलं नव्हतं, तो रस्त्याच्या पलीकडे बघत होता. भिंगरीला अजून वाटत होतं की आता कोणीतरी "शाब्बास" म्हणेल. मग ती बाबांकडे वळली.

ते ओल्या पायांनी उभे होते. चेहरा असा, की कोणीतरी भर रस्त्यात अंगावरचा शर्ट काढून घेतलाय आणि आता हात कुठे ठेवावेत कळत नाही.

"झालं?" ते म्हणाले. "बस गाडीत."

बाबांनी नाका मागे टाकला. मग गिअर बदलता बदलता, समोर बघत म्हणाले, "अर्धा-आटा म्हणत होते. म्हणू द्यायचं होतं. महिनाभर म्हटले असते. दुसऱ्या कोणाची टोपी उडाली की माझं विसरले असते."

"पण खोटं होतं ते, बाबा."

"मला माहीत नव्हतं?"

इंजिन घरघरत राहिलं.

"विसरभोळा ड्रायव्हर जगात काय मी एकटाच आहे?" ते म्हणाले. "ते मला चाललं असतं. हे नाही विसरणार कोणी. हे ते आपापल्या घरी जाऊन हळू आवाजात सांगतील." आणि मग, घर दिसायला लागल्यावर, "तुझ्या आईला यातलं बोलू नकोस. तिची दाढ दुखतेय."

शुक्रवारी नाक्यावर कोणीही बाबांना अर्धा-आटा म्हटलं नाही. टेम्पोवाल्यानं आपला नंबर सोडून "तुम्ही भरा आधी" म्हटलं. मिस्त्रीनं हीटर प्लग अर्ध्या पैशात घालून देतो म्हणून निरोप पाठवला. प्रवासी चढले, कोणी उतरलं नाही. बाबा सगळ्यांना "हो, हो" म्हणाले आणि दिवसभर गाडीतून खाली उतरले नाहीत. चहालासुद्धा नाही.

शनिवारी सकाळी भिंगरी दप्तर घेऊन गाडीपाशी उभी राहिली.

"मला शाळेत सोडा."

"चालत जात होतीस की."

"आज सोडा. दारापर्यंत."

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि पुढचं दार आतून उघडलं. खोकली खाकरली, लोट सोडला, निघाली. दोन गावं मागे पडली. थंडीनं काचेवर धुकं धरलं होतं, बाबा ते मनगटानं पुसत होते. शेवटच्या वळणावर शाळेची भिंत दिसायला लागली आणि दाराशी पोरींचे घोळके. एका घोळक्यात डॉक्टरांच्या मुलीची निळी टोपी. भिंगरी ताठ बसली. तिनं ठरवलं होतं. उतरायचं, सगळ्यांसमोर, आणि म्हणायचं, येते बाबा.

गाडी हळू झाली. दारापासून शंभर पावलांवर, झाडांच्या आडोशाला, बाबांनी ती कडेला घेतली. आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

सपाट रस्त्यावर, अशा थंडीत, ढकलायला कोणी नसताना खोकली बंद करायची नसते. हे तिला माहीत होतं. त्यांना तर होतंच.

"पुढे घ्या ना, बाबा."

"पुढे वळवायला जागा नाही," ते म्हणाले. पुढे आख्खं मैदान होतं. "इथूनच जा. आवाज होतो तिचा."

"होऊ दे."

"जा. घंटा होईल."

ती उतरली. दार हलकेच लावलं, नीट बसलं नाही, पण परत उघडून आपटायचा धीर झाला नाही. दहा पावलं गेली असेल, तोच मागे सेल्फ फिरला. एकदा. थांबला. दुसऱ्यांदा, जरा दमून. दारातल्या पोरी माना वर करून झाडांकडे बघायला लागल्या.

मागे वळावं असं तिला फार वाटलं. पण ती वळली असती तर बाबांना आरशात ती दिसली असती, ते धडपडताना बघणारी. म्हणून ती शाळेकडे तोंड करून तिथेच उभी राहिली, दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरून, गाडी सुरू होईपर्यंत.